हळदीच्या रानातली उन्हाळी

वसमत-कळमनुरीकडं हळद काढायला लागली की शिजवणं, वाळवणं, पॉलिश असं करत काम भर उन्हाळ्यापर्यंत चालतं. त्यात बायांचे हात सगळ्यात जास्त. भाकरी बांधून निघालेली बाई दिवसभर बेतानंच पाणी पिते, कारण रानात आडोसा नसतो. मग लघवीला आग होते, थेंबथेंब होते. घरी एवढंच सांगते, उन्हाळी लागली. आणि सब्जाचं पाणी पिऊन पुन्हा कामाला.

प्रत्येक उन्हाळी म्हणजे जंतुसंसर्ग नव्हे. पण असतो तेव्हा बहुधा ई. कोलाय असतो. थिओडोर एशरिश यांनी १८८५ मध्ये नोंदवलेला हा जंतू एरवी आतड्यात गुमान नांदतो. मूत्रमार्गात मात्र त्याच्या काही जाती हत्यारबंद येतात. अंगावर केसाहून कितीतरी बारीक तंतू, टोकाला फिम-एच नावाचं प्रथिन. ते मूत्राशयाच्या अस्तरावरची मॅनोज साखर पकडतं. लघवीच्या धारेनं ओढ बसली की ही पकड सुटत नाही, उलट आवळते. तंतू स्प्रिंगसारखा उलगडतो आणि जंतू जागीच राहतो. पुढं तो पेशीत शिरून तिथंच वसाहत करतो. मेडिकलवरून आणलेल्या दोन गोळ्यांनी आग थांबते, पण आत दडलेले उरतात. महिन्याभरानं दुखणं परत येतं ते अनेकदा यामुळं.

पी-तंतू असलेली जात मूत्रपिंडापर्यंत चढते: थंडी वाजून ताप, कुशीत कळ. तेव्हा थांबू नये. गरोदर बाईनं तर जळजळीलाच लघवी तपासावी.

चिकटलेला जंतू धारेला दाद देत नाही, पण न चिकटलेले वाहून जातात. बल्गेरियात वारंवार त्रास होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांवर प्रयोग झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज दीड लिटर पाणी वाढवलेल्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरांना ३.२ वेळा.

म्हणून ‘बाई, पाणी पी’ एवढं सांगून भागत नाही. प्यायलेलं पाणी सोडायचं कुठं? २००५ च्या रोजगार हमी कायद्यानं कामावर पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचार पेटी सांगितली. स्वच्छतागृह त्या यादीत नव्हतं. खासगी रानात तर विचारायची सोयच नाही. हळद शिजवायला कुकर भाड्यानं आणणाऱ्या शेतकऱ्याला चार बल्ल्या आणि हिरवी जाळी जड नाही. बांधाच्या कडेला, पहिल्या दिवशीच.