पन्नास तास कुठे जातात?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी देणे अपेक्षित आहे. अपेक्षा रास्तच. पण एका बाजूला मोबाइलवर ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचा प्रशिक्षणाचा व्हिडिओ सुरू आणि दुसऱ्या बाजूला पोषण आहाराची नोंदवही भरणे सुरू, अशा रीतीने हाती पडलेल्या प्रमाणपत्राने वर्गातला स्मार्ट टीव्ही बोलू लागत नाही. तो कित्येकदा चादरीखालीच राहतो. बिघडला तर भुर्दंड आपल्या माथी, ही धास्ती असते.

परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी पाठ्यपुस्तकांना जोडलेल्या क्यूआर कोडचे भरपूर कौतुक झाले. त्या कोडमागे कोणती कविता, कोणता व्हिडिओ ठेवायचा हे ठरवणारी शिक्षकाची नजर मात्र बातम्यांत मागेच राहिली. ती नजर ऑनलाइन प्रश्नमंजूषेने येत नाही. दुसऱ्याचा तास पाहून, आपला दाखवून येते.

त्यासाठी नवी यंत्रणा नको, आसपासच्या शाळांतील शिक्षकांची केंद्रस्तरावरची शिक्षण परिषद आहेच. तिथे परिपत्रकांचे वाचन आवरते घ्यावे. एखाद्या बाईंनी जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर त्रिकोणाचा शिरोबिंदू सरकवत कोनांची बेरीज १८० अंशच राहते हे मुलांना दाखवावे आणि बाकीच्यांनी मागच्या बाकावर बसून मुले कुठे अडली ते टिपावे. हे तासही त्या पन्नासांत धरावेत. असा आदेश काढायला शिक्षण विभागाला वेगळा निधी लागणार नाही.