निम्मा झालेला आकडा

पुण्यात साठी ओलांडलेल्यांच्या डब्यात रक्तदाबाच्या गोळीशेजारी बरेचदा आणखी एक गोळी असते, टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइडची. लघवी मोकळी होते, रात्रीचे उठणे कमी होते. टॅमसुलोसिन फक्त मार्ग सैल करते. ड्युटास्टेराइड मात्र, फिनास्टेराइडसारखेच, प्रोस्टेट आक्रसवते. सहा महिने ते वर्षभरात रक्तातला पीएसए साधारण निम्म्यावर येतो.

घोळ इथेच होतो. अहवालात ३ हा आकडा ४ च्या आत म्हणून ‘नॉर्मल’ ठरतो. प्रत्यक्षात तो ६ धरायला हवा. त्याहून महत्त्वाची त्याची चाल. गोळी चालू असताना पीएसए नीचांकावरून चढू लागला, तर आकडा लहान असला तरी तपास हवाच. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या २०१९ मधील अभ्यासात पीएसए वाढल्यापासून निदानापर्यंत इतरांना साधारण १.४ वर्षे लागली, ही औषधे घेणाऱ्यांना ३.६. तोवर आजारही अधिक पुढे गेलेला होता.

दोष गोळीचा नाही. २००३ मधील मोठ्या चाचणीत फिनास्टेराइडने प्रोस्टेट कर्करोगाचे एकूण प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने घटवले होते. चुकते ते विचारण्यात. सकाळी रक्त न्यायला आलेला मुलगा ‘उपाशी आहात ना?’ एवढेच विचारतो. केसांसाठी फिनास्टेराइड घेणारा पन्नाशीचा गृहस्थ तर त्याला औषधच समजत नाही, पीएसए मात्र त्यानेही घटतो. गोळी सुरू करण्यापूर्वीचा पीएसए आणि सुरू केल्याची तारीख डॉक्टरांनी फाइलच्या पहिल्या पानावर लिहावी, आणि रुग्णाने ती फाइल तपासणीला सोबत न्यावी. चाचणीसाठी गोळी मनाने बंद करू नये.