युद्धनौकेचा गंज कोणी खरवडायचा?

नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' ही नौका २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन करण्यात आली. सिंधुदुर्गातील निवती खडकाजवळ ती समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय उभारायचे, हा त्यामागचा संकल्प. पर्यटनाच्या दृष्टीने तो स्वागतार्हच म्हणावा लागेल. परंतु राष्ट्राची सेवा केलेली नौका जपण्यासाठी ती बुडवायची, हे ऐकताना 'विक्रांत'ची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ती तर तरंगत असतानाच महाराष्ट्राच्या हातून गेली.

४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे 'विक्रांत' भारतीय नौदलात दाखल झाली. ४ डिसेंबर १९७१ रोजी तिच्यावरून झेपावलेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले चढविले. तिच्याच शोधात निघालेली पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. पूर्वेकडील समुद्र शत्रूला बंद झाला आणि ढाक्यातील शरणागती जवळ आली. ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झालेली ही विमानवाहू नौका पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून काही वर्षे उभी होती. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव ती प्रेक्षकांना बंद झाली, २०१४ च्या आरंभी सुमारे ६० कोटी रुपयांना भंगारात विकली गेली आणि न्यायालयीन लढाई हरल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस तिच्यावर गॅस कटर चालला. तिच्या पोलादाचा अंश मिसळलेली मोटारसायकल बजाजने २०१६ मध्ये बाजारात आणली. ज्या कंपनीचा मोठा कारखाना वाळूजला आहे, तिने निदान एवढे तरी केले!

शासनाने पैसे दिले नाहीत, हे खरेच आहे. पण आपण काय केले, हा प्रश्न त्यामुळे टळत नाही. लिलाव जाहीर झाल्यावर लेख आले, सह्यांची निवेदने निघाली, याचिका दाखल झाल्या. त्याआधीची दहा-बारा वर्षे, दर रविवारी हातोडी घेऊन गोदीत जाणारी शंभर माणसे मात्र उभी राहिली नाहीत. गडकोटांवर झाडझुडूप काढणारी, टाक्यांतला गाळ उपसणारी तरुण मंडळे महाराष्ट्रात गावोगावी आहेत. युद्धनौकेसाठी तसे एकही मंडळ नावारूपाला आले नाही.

जहाजाचा शत्रू तोफगोळा नव्हे, खारी हवा. पत्र्यावरचा जुना रंग फुगतो, त्याखाली गंज धरतो. तो हातोडीने ठोकून, तारेच्या ब्रशने खरवडून पोलाद उघडे करायचे, लगेच गंजरोधक थर द्यायचा, त्यावर रंग. आणि एक टोक संपेपर्यंत दुसऱ्या टोकाला पुन्हा आरंभ करायचा. सातशे फूट लांबीच्या जहाजावर हे काम संपतच नाही. पाण्याखालचा तळ हा मात्र स्वयंसेवकांचा विषय नव्हे. त्यासाठी सुकी गोदी आणि कोट्यवधी रुपये लागतात, आणि निव्वळ उत्साहाने ते भागेल असे मानणे ही आत्मवंचना होय.

जपानने या अडचणीवर वेगळाच तोडगा काढला. १९०५ च्या त्सुशिमा युद्धातील 'मिकासा' ही नौका योकोसुका येथे जमिनीत काँक्रीटमध्ये रुतवून ठेवण्यात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची दैना झाली. तोफा काढल्या गेल्या, तिच्यावर चक्क नृत्यगृह चालले. लोकांनी निधी उभारून ती पुन्हा सजविली आणि मे १९६१ मध्ये खुली केली, म्हणजे 'विक्रांत' आपल्याकडे आली त्याच वर्षी. 'मिकासा'ही इंग्लंडमध्येच बांधलेली होती. 'विक्रांत परदेशी बनावटीची, तिचे कौतुक कशाला' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अमेरिकेत सॅन दिएगो येथे 'मिडवे' ही विमानवाहू नौका २००४ पासून संग्रहालय आहे. तिच्यावरील विमाने दुरुस्त करणारे आणि प्रेक्षकांना माहिती देणारे स्वयंसेवक शेकड्यांनी मोजावे लागतात, त्यांत निवृत्त नौसैनिक पुष्कळ. आणि दूर कशाला, विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर 'कुरसुरा' ही पाणबुडी २००२ पासून पाहायला मिळते. आंध्रला जे जमले, ते मुंबईला जमू नये?

छत्रपती संभाजीनगराला समुद्र नाही, हे खरे. पण जंजिऱ्यापर्यंत समुद्रात भर घालून वाट करण्याचा घाट ज्यांनी १६८२ मध्ये घातला, त्यांचेच नाव हे शहर धारण करते. भावनेचा भाग बाजूला ठेवला तरी चिकलठाणा आणि वाळूजच्या वसाहतींत वेल्डर, फिटर, रंगकाम जाणणारे, गंजरोधक लेप समजणारे अभियंते जितके आहेत, तितके एखाद्या किनारी तालुक्यात सापडायचे नाहीत. दरवर्षी आठवड्याची रजा काढून मुंबईला जाणारे असे पन्नास कारागीर ही फार मोठी मागणी नव्हे. मराठवाड्यातील मुलांनी युद्धनौका प्रत्यक्ष पाहावी, याची सोय त्यांच्याकरवीच होऊ शकते. समुद्रतळाची नौका पाहणे प्रत्येक शाळेच्या सहलीला थोडेच परवडणार?

'विराट'च्या बाबतीतही संधी होती. मार्च २०१७ मध्ये ती निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिच्या संग्रहालयासाठी ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मान्यता दिली. तो कागदावरच राहिला आणि २०२० मध्ये ती अवघ्या ३८.५४ कोटींना विकली जाऊन अलंगच्या किनाऱ्याला लागली. सर्वोच्च न्यायालयाकडून तोडणीला तात्पुरती स्थगिती मिळेपर्यंत २०२१ उजाडले होते आणि नौकेचा मोठा भाग तोडून झाला होता.

युद्धनौका केव्हा निवृत्त होणार, याचा अंदाज नौदलाला पुष्कळ आधी असतो. न्यासाची नोंदणी, हिशेब, कारागिरांची यादी, जमिनीवर रुतवायची की पाण्यात ठेवायची याचा अभियांत्रिकी आराखडा, हे सारे तयार ठेवून मागणीचे पत्र त्या वेळीच दिल्लीला गेले पाहिजे. लिलावाची जाहिरात वाचून धावाधाव करण्यात आपली दोन जहाजे गेली आहेत.