पायरीपाशी अडलेला हक्क

२०१५ च्या अखेरीस पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' हा शब्द सुचविला. शब्द रुजला, पण कचेरीच्या पायऱ्या बदलल्या का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम करण्यास, नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम २०१७ मध्ये आले. मुदत २०२२ मध्ये सरली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचा नियम शिफारसवजा ठरवून रद्द केला आणि सक्तीची मानके करण्यास केंद्राला बजावले.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिव्यांगांचे वाहनतळ प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत आणि ३.६ मीटर रुंद असावे. ही रुंदी चैन नव्हे. दार पूर्ण उघडून शेजारी चाकाची खुर्ची लावण्यापुरती ती जागा असते. तेथे कोणी दुचाकी लावली, की हक्क संपला.

रांजणगावच्या महागणपतीपुढे दिव्यांग भाविकाला उचलून नेणे ही सेवाच. परंतु त्याला स्वतः पोहोचता येणे हा सन्मान होय. दयेपेक्षा सन्मान मोठा.

म्हणून शिरूर व दौंडच्या कार्यकर्त्यांनी मोजपट्टी घेऊन तहसील कचेरी, रुग्णालय, बसस्थानक व दौंड जंक्शन पाहावे, उणिवांचे लेखी निवेदन द्यावे. दाद न मिळाल्यास दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. आणि सुशिक्षित कुटुंबांनी निदान आपली गाडी त्या जागेवर लावू नये. समरसतेचा आरंभ तेथूनही होतो.