पेनाचा दाब आणि हाताचा स्वभाव

गेल्या दिवाळीस आमच्या घरीं एक नवी वस्तु आली. धाकट्या बंधूंच्या कन्येस चित्रकलेचा नाद. तिच्या हट्टास्तव संगणकास जोडावयाचा एक पेन टॅब्लेट आणला. घरांतील वडील मंडळींनीं त्यास ‘पाटी’ हें नांव दिलें आणि तेंच रूढ झालें. वस्तु आली मुलीसाठीं. परंतु तिच्याविषयीं सर्वांत अधिक कुतूहल कोणास वाटलें म्हणाल, तर आमच्या आत्याबाईंस. वय वर्षें ७४. तरुणपणीं त्या चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा उत्तीर्ण झालेल्या. घरच्या मंगलकार्यांत पाटांभोवतालची रांगोळी नेहमीं त्यांच्याच हातची. पुढें बोटांस संधिवात जडला, कुंचला धरवेना, आणि रंगांची पेटी माळ्यावर गेली.

एके दुपारीं पुतणी शाळेंत गेलेली पाहून आत्याबाईंनीं हळूच पेन हातीं घेतलें. देव्हाऱ्यांतील समई काढावी, एवढाच मनोदय. परंतु रेघ उमटली ती आरंभापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, विहिरीच्या दोरासारखी. टेकतांना बारीक, मध्यें भरदार, उचलतांना पुन्हां केसासारखी, अशी रेघ काढण्याची तरुणपणापासूनची संवय. ती कोठें गेली? त्यांनीं पेन अधिक जोरानें दाबून पाहिलें. बोटें ठणकूं लागलीं, रेघ मात्र होती तशीच. सायंकाळीं मी घरीं आलों तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, “माझा हात गेला रे. उगाच मुलीच्या वस्तूला हात लावला.”

हें वाक्य माझ्या मनास लागलें. पुढील तीन संध्याकाळ पुतणीनें व मीं त्या पाटीचा छडा लावण्यांत घालविल्या. दोष चार ठिकाणीं निघाला, आणि त्यांपैकीं एकही आत्याबाईंच्या हातांत नव्हता. इतर घरांतही अशीच निराशा कोणाच्या वांट्यास येत असेल, म्हणून तो सर्व प्रकार येथें क्रमानें सांगतों.

प्रथम हा दाब पाटीस कळतो कसा, तें पाहूं. १९८३ सालीं जपानांत स्थापन झालेल्या वॅकॉम कंपनीच्या पेनांत सेल नसतो. पाटीच्या पोटांत तारांचें जाळें असतें. तें विद्युच्चुंबकीय संदेश सोडतें, पेनांतील तारेचें वेटोळें त्यावरच आपली ऊर्जा घेतें आणि उत्तर परत धाडतें. पेनाचें टोंक दाबलें गेलें कीं आंतील मापकामुळें त्या उत्तरांत फरक पडतो, आणि त्यावरून दाबाचा आंकडा ठरतो. या आंकड्याच्या पायऱ्या पूर्वींच्या पाट्यांत १०२४ असत, पुढें २०४८ झाल्या, आणि अलीकडील अनेक पाट्यांत त्या ८१९२ असतात. विकणारे हा मोठा आंकडा पुढें करतात व घेणारेही त्यास भुलतात. तराजूवर खुणा जितक्या अधिक, तितकें वजन बारीक कळेल, हें खरें. परंतु पारडेंच एका बाजूस झुकलेलें असेल तर त्या खुणांचा उपयोग काय? आमच्या पाटीच्या पायऱ्या पुष्कळ होत्या. पारडें मात्र झुकलेलें होतें.

पहिला दोष ड्रायव्हरचा. पाटी आणि संगणक यांच्यामधला हा दुभाष्या. तो नसला किंवा बिघडलेला असला, तर संगणक पेनास माऊस समजूं शकतो. रेघ उमटते, पण दाबाची वार्ता पोंचत नाहीं. आमच्या संगणकांत थोरल्या पुतण्याच्या जुन्या पाटीचा ड्रायव्हर तसाच राहिला होता. एका म्यानांत दोन तलवारी राहावयाच्या कशा? जुना काढून टाकला, संगणक बंद करून पुन्हां चालू केला, आणि मग नवा ड्रायव्हर पाटीच्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घेऊन बसविला. ज्यांच्याकडे मॅक संगणक आहे त्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी: तेथें खासगीपणाच्या सेटिंगमध्यें ड्रायव्हरास स्पष्ट परवानगी द्यावी लागते, ती न दिल्यास पेन अर्धवट चालतें.

बहुतेक ड्रायव्हरांत दाब तपासण्याची एक लहानशी चौकट असते. तींत पेन टेकवून हळूहळू दाबलें म्हणजे एक पट्टी वर चढतांना दिसते. आत्याबाईंस बोलावून मीं त्यांच्या हातीं पेन दिलें. त्यांनीं जेमतेम टेकविलें आणि पट्टी हलली; थोडें दाबलें, ती चढली; सैल सोडलें, ती उतरली. त्या बराच वेळ तेंच करीत राहिल्या. कांहीं बोलल्या नाहींत, पण आपला हात गेलेला नाहीं हें त्यांस तेथें कळलें. बिघाड शोधणारानेंही आरंभ या चौकटीपासूनच करावा. येथें पट्टी हलत असेल तर पाटी व पेन ठीक आहेत आणि दोष पुढें कोठें तरी आहे. येथेंच हलत नसेल तर चित्राच्या प्रोग्रॅममध्यें शोधाशोध करणें व्यर्थ होय.

दुसरा दोष मार्गाचा निघाला. विंडोजमध्यें दाबाची वार्ता प्रोग्रॅमकडे नेणारे दोन मार्ग आहेत: एक जुना, विनटॅब नांवाचा, आणि दुसरा विंडोज इंक. ड्रायव्हर एका दारानें निरोप धाडीत होता आणि प्रोग्रॅम दुसऱ्या दाराशीं वाट पाहत उभा होता. आम्हीं क्रिटा हा विनामूल्य प्रोग्रॅम वापरतों. त्याच्या सेटिंगमधील टॅब्लेटच्या पानावर या दोहोंपैकीं एक निवडण्याची सोय आहे. निवड बदलून प्रोग्रॅम बंद करावा व पुन्हां उघडावा, तेव्हांच ती लागू होते.

तिसरा दोष ब्रशाचा. दाब प्रोग्रॅमपर्यंत पोंचला तरी त्याचें काय करावयाचें हें प्रत्येक ब्रशास वेगळें सांगावें लागतें. कोणाची जाडी दाबानें बदलते, कोणाचा रंग गडद होतो, कोणाचें कांहींच बदलत नाहीं. क्रिटांत ब्रशाच्या संपादकांत आकारापुढें दाबाची खूण करावी. फोटोशॉपमध्यें शेप डायनॅमिक्स या सदराखालीं नियंत्रण पेनाच्या दाबाकडे द्यावें. येथें एक भेद ध्यानांत असावा. बोरूनें लिहितांना जाड-बारीकपणा येतो तो टोंकाच्या तिरक्या छाटामुळें आणि हाताच्या दिशेमुळें. कुंचल्यानें येतो तो दाबामुळें. तेव्हां ज्यांस बोरूचें वळण हवें, त्यांनीं दाबापेक्षां ब्रशाच्या टोंकाचा आकार व कोन यांकडे लक्ष द्यावें.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे दाबाची वक्ररेषा. एका चौकोनांत आडव्या बाजूस हातानें दिलेला दाब, उभ्या बाजूस प्रोग्रॅमनें मानावयाचा दाब, आणि मध्यें एक तिरपी सरळ रेघ, अशी ही आकृति असते. रेघ सरळ असेल तर जेवढा दिला तेवढाच मानला. ती वरच्या बाजूस फुगविली तर हलक्या हाताचाही मान मोठा होतो. खालीं ओढली तर जड हातास आवर बसतो. कांहीं ड्रायव्हरांत आकृतीऐवजीं ‘मऊ’ आणि ‘कठीण’ यांमध्यें सरकणारी एक खूण असते. तिचा अर्थ तोच.

आत्याबाईंसाठीं आम्हीं रेघ वर फुगविली आणि पुरा दाब लवकर गांठला जाईल असें केलें, म्हणजे बोटांस ताण न देतां भरदार रेघ यावी. परंतु मऊपणाच्या भरांत नुसतें टेकलें तरी ठिपके उठूं लागले, म्हणून आरंभीची उंबरठ्याची मर्यादा किंचित् वाढविली. पुतणीची तऱ्हा अगदीं उलट. ती पेन असें दाबते कीं पाटीस भोंक पडावें. तिच्यासाठीं रेघ खालीं ओढली. तिची जाड-बारीक रेघ पूर्वीं सर्वच जाड येई, ती आतां वळणावर आली. एका घरांत पाटी एक आणि हात अनेक असले, म्हणजे एकाच्या मापाचा अंगरखा सर्वांस घालून चालत नाहीं. बऱ्याच ड्रायव्हरांत मांडणी वेगळ्या फाइलींत जपून ठेवतां येते. प्रत्येकानें आपली जपावी.

माप बरोबर बसलें कीं नाहीं, हें ओळखण्याची युक्ति सोपी आहे. नेहमींच्या बैठकींत बसून, दहा मिनिटें काम झाल्यावर, बारीक–जाड–बारीक अशा दहा रेघा ओढाव्या. अर्ध्या जोरांतच जाडीची हद्द गांठली जात असेल तर मांडणी फार मऊ. बोटांस रग लागत असेल तर फार कठीण. ताज्या हातानें केलेली परीक्षा फसवी असते. पेनाचें झिजलेलें टोंकही वेळींच बदलावें. त्याची धार पाटीस ओरखडे पाडते.

या सर्वानें संधिवात बरा झाला असें नाहीं. अर्ध्या घटकेनंतर आत्याबाई आजही पेन खालीं ठेवतात. प्रोग्रॅममध्यें रेघेचा कंप गुळगुळीत करण्याची सोय आहे, ती पुतणीनें मोठ्या प्रेमानें दाखविली. आत्याबाईंनीं ती बंद करविली. म्हणाल्या, “कंप माझाच आहे ग, राहूं दे तो.” समईचें चित्र पुरें झालें आहे. ज्योतीपाशीं रेघ थोडी थरथरली आहे, आणि तेथेंच ती सर्वांत बारीक आहे.

ड्रायव्हर नवा केला म्हणजे मांडणी कधीं कधीं मूळपदावर जाते. त्यासाठीं चौघांचींही मापें एका कागदावर उतरून पाटीच्या पाठीस चिकटविलीं आहेत. त्या चिठ्ठीवरील अक्षर आत्याबाईंचें आहे.