चोर पकडणे हे सेल्समनचे काम आहे काय?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आदल्या रविवारी मी एका बाईच्या पिशवीला हात घातला. बाई चोर नव्हती. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा दुसरे काही सुचलेही नाही.

मी होटगीचा. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जिथून विजापूर-गदगकडे फाटा फुटतो, ते आमचे गाव. वडील रोजंदारीवर जातात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. सकाळी तास, आणि दुपारी तीनपासून रात्री नऊपर्यंत शहरातल्या एका मोठ्या रेडीमेड कपड्यांच्या दुकानात नोकरी, असा माझा दिवस असतो. आपल्या वर्गांतून माझ्यासारखे पुष्कळ आहेत, म्हणूनच हा प्रश्न सर्वांपुढे मांडतो : दुकानातून कोणी माल उचलून नेत असेल, तर पगारी नोकराने त्याला अंगाला हात लावून अडवावे काय?

माझे उत्तर 'नाही' असे आहे. पण नुसते 'नाही' म्हणून भागणार नाही, कारण दीड वर्षापूर्वी माझेच उत्तर 'अलबत' असे होते.

आधी दुकानाची रचना पाहू. आमच्या गावच्या किराणा दुकानात माल दुकानदाराच्या पाठीशी असतो. आपण मागायचे, त्याने काढून द्यायचे. मध्ये काऊंटर, काऊंटरवर वजनकाटा आणि उधारीची वही. तिथे उचलेगिरीला वावच कमी. १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या व्यापाऱ्याने 'पिगली विगली' नावाचे दुकान काढले, आणि गिऱ्हाइकाने फळीवरचा माल स्वतःच उचलून पैसे द्यायला यायचे, अशी पद्धत सुरू केली. ती पुढे जगभर पसरली आणि आज आपल्या सोलापुरातही दिसते. तिचा फायदा उघड आहे. नोकर कमी लागतात आणि मोकळेपणाने हाताळलेला माल जास्त खपतो. तोटाही तितकाच उघड आहे. माल सर्वांच्या हाताशी ठेवला की एखादा हात बिल न करता जाणारच. फायदा मालकाने घेतला ह्याबद्दल माझी तक्रार नाही. भांडवल त्याचे, धंदा त्याचा. प्रश्न एवढाच की तोटा कोणी सोसायचा?

आमच्या दुकानात ह्याचे उत्तर ठरलेले होते. महिनाअखेर मालाची मोजणी व्हायची. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त 'शॉर्टेज' निघाले की ते मजल्यावरच्या मुलांत वाटून पगारातून कापायचे. एका महिन्यात माझे ६२० रुपये असे गेले. माझी एक मावशी सोलापुरात बिड्या वळते. वळलेल्या बिड्यांतल्या काही बिड्या वाईट म्हणून बाजूला काढतात, त्यांची मजुरी मिळत नाही. त्याला 'छाट' म्हणतात. मी तिला माझ्या कपातीचे सांगितले तेव्हा ती हसली. म्हणाली, "आमची छाट, तुमचं शॉर्टेज. नावं तेवढी निराळी."

हे ६२० रुपये ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

त्या रविवारी गड्ड्याच्या यात्रेमुळे शहरात गर्दी होती. एक बाई कडेवर मूल आणि हातात कापडी पिशवी घेऊन लहान मुलांच्या फ्रॉकांपाशी बराच वेळ घुटमळत होती. पायात चप्पल नव्हती. सुपरवायझरने मला नजरेने खुणावले. ती काही न घेता दाराशी आली तेव्हा मी आडवा झालो आणि पिशवी धरली. तिने ओढली नाही, आरडाओरड केली नाही. "चलो नोडप्पा," एवढेच म्हणाली. नीट बघ बाबा. आमच्या गल्लीत घरोघरी बोलतात ते कानडी. पिशवीत फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी, औषधाची बाटली आणि सरकारी दवाखान्याचा केसपेपर होता. आजूबाजूला गिऱ्हाइके बघत उभी होती. मी पिशवी परत दिली. माफी मागायचे त्या क्षणी सुचले नाही, आणि सुचले तेव्हा ती गर्दीत दिसेनाशी झाली होती.

त्या दिवशी दुकानात चांगले कपडे घातलेली शेकडो माणसे येऊन गेली. त्यांच्यापैकी एकाच्याही पिशवीला मी हात घातला नाही. मोजणीत ह्या महिन्यातही तूट निघालीच. माल कोणी नेला ते आजतागायत कळलेले नाही.

दुसरा प्रसंग माझ्या सोबत काम करणाऱ्या मुलाचा. विशीतला एक पोरगा अंगात एकावर एक दोन शर्ट घालून निघाला. हा त्याच्यामागे धावला, पायऱ्यांवर त्याची कॉलर धरली. पोराने हिसडा दिला. माझा सोबती पायऱ्यांवरून पडला आणि त्याचे मनगट मोडले. शर्टाची किंमत ४५० रुपये. प्लास्टर पाच आठवडे राहिले, आणि त्या पाच आठवड्यांचा पगार नाही. मालकांना भेटायला गेलो तर ते म्हणाले, "तुला धावायला कोणी सांगितलं होतं?"

मित्रहो, ह्या एका वाक्यात सगळा पेच आहे. धावलो नाही तर शॉर्टेज आपल्या माथी. धावलो आणि हाड मोडले तर 'कोणी सांगितले होते?' म्हणजे तोंडाने कोणीच धावायला सांगत नाही, पगाराचे पाकीट तेवढे सांगते.

ह्यानंतर मी ग्रंथालयात बसून कायदा वाचला. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या आहेत. वाचून दोन-तीन गोष्टी समजल्या. चोरी होत असताना आपली किंवा दुसऱ्याची मालमत्ता वाचवण्याचा हक्क कायदा प्रत्येकाला देतो. मात्र गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा देत नाही. म्हणजे हा हक्क आहे, कर्तव्य नव्हे. हक्क वापरायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. पगार कापून तो कोणाकडून वापरून घ्यायचा नसतो.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सामान्य माणूसही दुसऱ्याला अटक करू शकतो, पण त्याच्या देखत घडलेला गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असला तरच. शिवाय धरलेल्या माणसाला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. आता न्याय संहितेचे कलम ३०३ पाहा. चोरीचा माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा आहे सामुदायिक सेवेची. असा गुन्हा अनुसूचीत अदखलपात्र आणि जामीनपात्र म्हणून नोंदला आहे. ४५० रुपयांच्या शर्टासाठी कॉलर धरणारा सेल्समन स्वतः कायद्याच्या किती पातळ फळीवर उभा असतो, हे ह्यावरून दिसेल.

आणखी एक गोष्ट. माल घेऊन पळताना चोराने कोणाला जाणूनबुजून इजा केली किंवा तसा प्रयत्न केला, तर तीच चोरी कलम ३०९ खाली 'जबरी चोरी' होऊ शकते, आणि तिची शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. सामुदायिक सेवा कुठे आणि दहा वर्षे कुठे! मधले अंतर कित्येकदा फक्त एका झटापटीचे असते. आपण कॉलर धरली नसती तर ती झटापट झाली नसती.

पण कायद्यापेक्षा मोठा प्रश्न मला वेगळाच वाटतो. हात कोणाच्या अंगावर पडतो? सोलापूरकरांना हे सांगायला नको. आपल्या शहरात आजही 'सेटलमेंट' नावाची वस्ती आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, काही जमातींना जन्मतःच चोर ठरवले आणि पुढे त्यांच्यातल्या अनेकांना तारेच्या कुंपणात डांबले. त्या कुंपणाचीच ही वस्ती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला; वस्तीचे नाव राहिले आणि नजरही राहिली. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' हे १९८७ सालचे आत्मकथन आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. त्याला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दुकानातून वस्तू लांबवणाऱ्याला आपण सहज ज्या नावाने हाक मारतो, ते एका अख्ख्या समाजाचे नाव होते, हे मला त्या पुस्तकाने शिकवले. दाराशी उभा राहून मी गर्दीतून 'संशयित' निवडत होतो तेव्हा वाटायचे, मी डोळ्यांनी पाहतो आहे. प्रत्यक्षात पाहत होती ती हीच जुनी नजर : अनवाणी पाय, कापडी पिशवी, गावाकडची भाषा. ह्या खुणा माझ्या आईलाही लागू पडतात.

दुकानातला संशय रस्त्यावर गेला तर काय होते, तेही आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. भिक्षेवर पोट भरणारी ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे होती; बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली. त्यांनी काहीही पळवले नव्हते. भर बाजारात "चोर, चोर" किंवा "कळ्ळ, कळ्ळ" म्हणून ओरडत धावणाऱ्या सेल्समनच्या मागे किती माणसे धावतील आणि ती कुठे थांबतील, हे त्याच्या हातात नसते.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते मला वर्गातच ऐकावे लागले आहेत. एक मित्र म्हणाला, "ज्याचे मीठ खातो त्याचे नुकसान उघड्या डोळ्यांनी बघायचे?" मुळीच नाही. बघायचे, आणि आपण बघितले आहे हे त्याला कळू द्यायचे. जवळ जाऊन "काय दाखवू? कोणता साइज देऊ?" एवढे विचारले की कच्च्या मनाचा माणूस वस्तू खाली ठेवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. नजर द्यावी, शब्द द्यावा; हात देऊ नये. आणि मीठ म्हणाल तर ते मी कष्टाने खातो. मनगट मोडून घेणे त्या करारात नव्हते.

दुसरा आक्षेप : अशाने चोर सोकावतील. काही सोकावतील, हे मी मान्य करतो. पण त्यावर इलाज मालकाच्या हाती आहे. मजल्यावर दोन माणसे वाढवावीत, महाग माल काऊंटरमागे ठेवावा, कॅमेऱ्याचे चित्रण पोलिसांना द्यावे, गरज पडल्यास ११२ ला फोन करावा. ह्या सर्वांना पैसे पडतात हे खरे. पण ते पडू नयेत म्हणून उन्नीस-वीस वर्षांच्या पोरांची हाडे वापरणे हा हिशेब कोणत्या वाणिज्यशास्त्रात बसतो?

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. होटगीच्या स्टेशनजवळचा टपरीवाला काय करील? त्याची अख्खी पुंजी दोन फळ्यांवर असते. बिस्किटांचा पुडा घेऊन कोणी पळाला तर तो धावणारच. त्याला मी उपदेश करणार नाही. माल त्याचा, घामही त्याचा, धोका पत्करायचा की नाही हा निर्णयही त्याचा. पगारी नोकराच्या बाबतीत ह्या तिन्ही गोष्टींची फारकत झालेली असते : माल एकाचा, निर्णय एकाचा, आणि धोका तिसऱ्याचा.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक दुकानात लेखी नियम असावा की नोकराने कोणाच्या अंगाला वा सामानाला हात लावू नये. कोणी नोकरावर हल्ला केलाच, तर औषधपाणी आणि बुडालेला पगार दुकानाने द्यावा. स्कॉटलंडमध्ये २०२१ साली दुकान-कामगारांवरील हल्ल्यांसाठी स्वतंत्र कायदाच झाला; दुकानात उभा असलेला माणूस संरक्षणाला पात्र आहे एवढे तरी तिथे मान्य झाले. आणि सर्वांत महत्त्वाचे, शॉर्टेजची कपात बंद व्हावी. १९३६ च्या वेतन कायद्यात आणि आताच्या वेतन संहितेतही तत्त्व स्पष्ट आहे : नोकराच्या ताब्यात खास सोपवलेला माल त्याच्याच हयगयीने गेला असेल तरच कपात करता येते, तीही त्याला आपली बाजू मांडू दिल्यावर. सरसकट वाटणी त्यात बसत नाही. कपडा उन्हाने विटतो, उंदीर कुरतडतो, तो तोटा धंद्याच्या खात्यावर पडतो. चोरीचाही तिथेच पडावा.

ही कपात चालू आहे तोवर 'अडवावे की नाही' ह्या प्रश्नाचे उत्तर आपली सद्सद्विवेकबुद्धी देत नाही, आपली गरज देते. त्या रविवारी माझ्या हाताने पिशवी धरली खरी, पण तो पुढे झाला तो गेलेल्या ६२० रुपयांच्या धास्तीने. ह्यात माझा दोष नाही असे मी म्हणत नाही. त्या बाईला तो हात माझाच दिसला, आणि तो माझाच होता.

परीक्षा संपल्या की आपल्यापैकी कितीतरी जण सुट्टीत दुकानांतून कामाला लागतील. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते : पगार किती हे विचारण्याआधी, चोरी झाली तर पैसे कोणाचे जातात, हे विचारून घ्या.