फोटोत कोण येतो?



कारखान्याची स्मरणिका निघायची आहे आणि तिच्यात कोणते फोटो घालायचे याची चर्चा ऑफिसात चालू आहे. मी शेतकी खात्याचा माणूस. बेणे, लागण आणि तोडणी सोडून याने फोटोत कशाला डोके घालावे, असे कुणी म्हणेल. पण याच निमित्ताने अमेरिकेतल्या कारखानदारीचे जुने फोटो पाहण्यात आले. पहिले महायुद्ध संपल्यापासून दुसरे पेटेपर्यंतच्या वीसेक वर्षांतले. तिथल्या ग्रंथालयांनी ते आता सर्वांना खुले केले आहेत, मोबाईलवरसुद्धा दिसतात. ते पाहून माझे एक मत झाले आहे, ते मांडतो.

डेट्रॉईट शहराजवळ डिअरबॉर्न येथे फोर्ड कंपनीचा रिव्हर रूज कारखाना आहे. त्या काळी एका बाजूने बोटीतून खनिज लोखंड आणि कोळसा आत यायचा, दुसऱ्या बाजूने तयार मोटार बाहेर पडायची. कोकच्या भट्ट्या, पोलाद, काच, वीजघर, सगळे एकाच आवारात. आपल्याकडे गव्हाणीत ऊस पडतो आणि शेवटी साखरेचे पोते शिवून निघते, तसाच प्रकार, पण कैक पटीने मोठा. 1927 साली फोर्डने 'मॉडेल ए' ही नवी गाडी बाजारात आणायचे ठरवले, तेव्हा जाहिरातीच्या कामासाठी चार्ल्स शीलर या चित्रकाराला कॅमेरा घेऊन तिथे पाठवण्यात आले. तो सहा आठवडे फोटो काढत होता. त्यातला एक फार गाजला. दोन कन्व्हेयर एकमेकांना फुलीसारखे छेदून गेलेले आणि मागे वीजघराची आठ उंच धुराडी. फोटो देखणा आहे यात वाद नाही. मी स्वतः बराच वेळ बघत बसलो. पण त्यात माणूस हुडकायला गेलात तर जवळजवळ नाहीच. आणि त्या आवारात तेव्हा सुमारे 75 हजार माणसे राबत होती!

ती माणसे पुढे दिसली, पण कंपनीच्या जाहिरातीत नव्हे. मंदीच्या दिवसांत, 7 मार्च 1932 रोजी, बेकार कामगारांचा मोर्चा याच कारखान्यावर गेला, गोळीबार झाला, चार जण जागीच ठार झाले. 26 मे 1937 रोजी युनियनचे कार्यकर्ते फाटकापाशी पुलावर हँडबिले वाटायला आले, तर कंपनीच्या माणसांनी त्यांना बेदम मारले. मग ते फोटोग्राफरांवर धावले आणि त्यांच्या काचा हिसकावू लागले. 'डेट्रॉईट न्यूज'च्या जेम्स किलपॅट्रिक याने खऱ्या काचा मोटारीच्या मागच्या सीटखाली दडवल्या आणि निकामी काचा त्यांच्या हवाली केल्या. फोटो छापून आले, साऱ्या देशाने पाहिले. फोर्डने युनियनला मान्यता दिली ती 1941 साली. ती केवळ फोटोमुळे मिळाली असे मी म्हणणार नाही. पण मारहाण झालीच नाही, असे म्हणायची सोय त्या फोटोंनी ठेवली नाही, एवढे खरे.

म्हणजे कारखाना एकच, आणि फोटो दोन तऱ्हेचे. पैसा कोणाचा आणि फोटो कशासाठी, यावर चौकटीत कोण येणार ते ठरते.

याउलट माणूस लुईस हाईन. हा मूळचा शाळामास्तर. गिरण्या-खाणींत राबणाऱ्या पोरांचे फोटो काढून त्याने आधीच नाव मिळवले होते. 1930-31 साली न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट ही 102 मजली इमारत उभी राहत होती, तेव्हा तिच्या बांधकामाचे फोटो काढायला त्याला नेमले. वय पन्नाशीच्या पुढे. मजले जसे चढत गेले तसा तोही वर चढत गेला, आणि शेवटी तर क्रेनला टांगलेल्या टोपलीत बसून त्याने फोटो घेतले. त्याच्या फोटोत आधी माणूस दिसतो, मग लोखंड. काम त्यालाही मालकांनीच दिले होते, हे ध्यानात घ्या. म्हणजे पगार घेऊनही माणूस दाखवता येतो! मात्र हाईनही काही सगळे जसेच्या तसे टिपत नव्हता. मोठा पाना घेऊन यंत्रावर वाकलेल्या मेकॅनिकचा त्याचा 1920 च्या सुमाराचा प्रसिद्ध फोटो मुद्दाम तसे उभे करून काढलेला आहे. मला त्यात वावगे वाटत नाही. आपण लग्नात नाही का नीट उभे राहत? हाईन मात्र 1940 साली दारिद्र्यात वारला.

मार्गारेट बर्क-व्हाईट यांचे नाव आपल्याकडे चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींच्या 1946 च्या फोटोमुळे माहीत आहे. त्यांची सुरुवात क्लीव्हलँडच्या पोलाद कारखान्यातून झाली. 1936 साली 'लाईफ' साप्ताहिकाच्या पहिल्या अंकासाठी त्यांना मोंटाना राज्यातल्या फोर्ट पेक धरणावर पाठवले. मुखपृष्ठावर काँक्रीटचे अवाढव्य खांब आले खरे. पण बाईंनी धरणाबरोबर मजुरांच्या झोपड्यांची वस्ती आणि तिथल्या रात्रीही टिपून आणल्या, आणि संपादकांनी त्या आत ठळक छापल्या.

आता उसाचे. 1938 साली सरकारी खात्याचा फोटोग्राफर रसेल ली लुइझियाना राज्यात न्यू आयबेरियाजवळच्या उसाच्या फडात गेला होता. तिथले तोडणी मजूर बहुतेक काळे लोक. त्यांचा कोयता आपल्यापेक्षा रुंद, पाठीला पाचट सोलायला आकडा. काम थांबवून पाणी पिणाऱ्या मजुराचा त्याचा एक फोटो आहे. आपल्या फडात उभा करा, कुणाला परका वाटणार नाही. पण फोटोखाली गावाचे नाव आहे, माणसाचे नाही.

आपल्या अहवालात दरवर्षी काय असते? बॉयलर अग्निप्रदीपन, मोळी टाकण्याचा समारंभ, मिल हाऊस, संचालक मंडळ. ते असावेच. सभासदाच्या शेअर्सचा पैसा कुठे गेला हे त्याला दिसले पाहिजे, आणि नवे टर्बाईन बघून माझाही ऊर भरून येतो. पण ऊस गव्हाणीपर्यंत पोचवणारी टोळी त्यात कुठे आहे? आपण नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतो. हिशेबाच्या वहीत नाव नवऱ्याचे. बाई मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते, आणि नोंद तिची कुठेच नाही. निदान फोटोत तरी ती असू द्या. वाहनाचे ड्रायव्हर, स्लिपबॉय, काट्यावरचा माणूस, गव्हाणीवरचा माणूस, हेही.

म्हणून व्यवस्थापनाला माझी सूचना अशी की स्मरणिकेची निम्मी पाने फडाला आणि कामगारांना द्यावीत, आणि प्रत्येक फोटोखाली ज्याचे त्याचे नाव व गाव छापावे. फोटो काढण्याआधी त्या माणसाला विचारावे, आणि अंक निघाल्यावर एक प्रत त्याच्या कोपीवर पोचवावी. सभासदांच्या घरीही जुने फोटो ट्रंकेत पडून असतील: बैलगाड्यांची रांग, पहिल्या हंगामातली तोड, वडीलधाऱ्यांचे. ते आपापल्या गट ऑफिसात आणून द्यावेत. कॉपी काढून मूळ फोटो परत करू. मागे कोण कोण उभे आहे ते मात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आजच लिहून ठेवा.